राळेमुख्यांच्या लेकी

बुरुलचाचं पत्र मागच्या सप्टेंबरात आलं आणि मे महिना उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वहीची चार पानं, निळी शाई, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मी ती तीनदा वाचली आणि मेंढ्यांच्या रोगांवरच्या एका जाड पुस्तकात ठेवून दिली. चाळीस वर्षं कोचकोरच्या वाचनालयात काढल्यामुळे कोणतं पुस्तक कोणीही उघडत नाही, एवढं मला नक्की कळतं. पुढे पुढे मीही ते उघडेनासा झालो.

पत्रात तिने लिहिलं होतं:

"मुकाम्बेत मामा, आपण कधी भेटलो नाही. मी जीपारची थोरली मुलगी. तालासला शाळेत भूगोल शिकवते. तिशी उलटल्यापासून माझ्या नाकावर आणि गालांवर बारीक पांढुरके दाणे उठलेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत, जातही नाहीत. गेल्या वसंतात फळ्यावर नदी काढता काढता माझं एक फुप्फुस मिटलं. बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी माझी छाती नंतर पाहिली, आधी नाक पाहिलं. म्हणाल्या, हे घराण्यातून आलेलं दिसतं. दाण्यांचा त्रास नाही, पण याच माणसांच्या फुप्फुसात हवेचे फुगे होतात आणि मूत्रपिंडात गाठी होऊ शकतात. वेळेवर दिसल्या तर काढता येतात. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. काहींना तर दाण्यांशिवायही असतं. माझी तपासणी झाली. पण धाकटी गुलबारा ऐकत नाही. तिच्याही नाकावर दाणे आहेत. ती म्हणते मुरमं आहेत, आणि नसली तर कुळाची खूण आहे, आईच्या माहेरच्या पुस्तकात तसं छापलंय. ते पुस्तक तुमचं आहे, मामा. तुमच्यात कोण छातीने गेलं, कोण मूत्रपिंडाने गेलं, एवढं नावानिशी लिहून पाठवा. तुमचं लिहिलेलं ती मानेल. इमानकुल मामांना मी आधी लिहिलं होतं. उत्तर म्हणून त्यांनी एक अख्खी मेंढी कापून पाठवली. चविष्ट होती."

छापलंय हे खरं. पान नऊ. आमचा मूळपुरुष एसेनामान याला मूल होत नव्हतं. दारी एक साधू आला. एसेनामानने घरातला शेवटचा राळा त्याच्यापुढे ठेवला. साधूने त्यातला मूठभर उचलून याच्याच तोंडावर फेकला आणि म्हणाला, जितके दाणे चिकटले तितके वंश वाढतील. तेव्हापासून आम्ही राळेमुखी. आमच्यात मुलगा वयात आला की काही होत नाही. पंचविशी-तिशीला नाकावर पहिला दाणा दिसला की बाप मेंढा कापतो आणि सगळं गाव ते नाक पाहायला आणि जेवायला येतं.

माझ्यासाठी बांधलेला मेंढा म्हातारा होऊन मेला. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि माझे गाल आजही उकडलेल्या अंड्यासारखे आहेत. गावात त्या काळी एक रशियन पशुवैद्य होता, त्याच्याकडे लोक माझ्या तिशीनंतर जरा निरखून पाहू लागले. आईला कोणी तोंडावर काही बोललं नाही. ती मात्र लग्नाकार्याला जायची बंद झाली. मी वंशावळीचं पुस्तक का लिहिलं, असं लोक विचारतात तेव्हा मी संशोधन, परंपरा असलं काहीतरी सांगतो. खरं म्हणजे बापाच्या नावाखाली माझं नाव छापलेलं मला पाहायचं होतं.

तेव्हा उत्तर देणं सोपं नव्हतं. उत्तर द्यायचं तर पान नऊ खोटं ठरवायचं. शिवाय निम्मी शक्यता म्हटलं की माझी आई आपोआप सुटत होती. मग मी नक्की कोणासाठी लिहिणार, गुलबारासाठी की आईसाठी? हे ठरेना, आणि ठरेपर्यंत न लिहिणं बरं वाटलं. न लिहायला मला कारणं कधी कमी पडलेली नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात इमानकुल बाइकेने बोलावणं धाडलं. मोठ्या भावाला आम्ही बाइके म्हणतो. इमानकुल माझा चुलत भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कुळाचा प्रमुख आणि कुळातल्या सगळ्यात ठसठशीत नाकाचा मालक. जीपार ही त्याची सख्खी धाकटी बहीण, नऊ वर्षांपूर्वी वारलेली. गावाच्या वेशीवर एसेनामानचा पुतळा बसवायचं त्याने मनावर घेतलं होतं. शिल्पकाराने मातीच्या नमुन्याचा फोटो पाठवला होता.

"हा कोण?" बाइकेने फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"एसेनामान, बाइके."

"हा? हा तू आहेस! गाल बघ, लोण्याचे. मी एवढा खटाटोप तुझा पुतळा उभारायला केला होय?"

"त्याला दाण्यांचं सांगितलं नसेल."

"सांगितलं! तो विचारतो, किती काढू. तू पुस्तक लिहिलंस. किती होते?"

"पुस्तकात मूठभर म्हटलंय."

"मूठभर म्हणजे किती?"

"ते साधूच्या मुठीवर आहे."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाइकेची बायको बातमा आणि माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको कालिपा, दोघी जमिनीवर बसून दाबलेल्या लोकरीच्या नमद्याच्या गालिच्याला टाके घालत होत्या. बातमा मान वर न करता म्हणाली, "पाच-सहा पुरे. जास्त काढलेत तर पोरं म्हणतील, बाबाला गोवर आलाय."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. म्हणून तर फुकट सांगतेय."

चहा आला, त्यावर साय तरंगत होती. कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक, आले. तोंडात बोरसोक असला की मला थोडा धीर येतो, कारण मग बोलणं अर्धवट राहिलं तरी चालतं. मी म्हणालो, "बाइके, बुरुलचाचं पत्र आलं होतं."

"मलाही आलं. मेंढी पाठवली."

"तिने मेंढी मागितली नव्हती."

"मेंढी कोणी मागतं का? मेंढी द्यायची असते."

"डॉक्टरीणबाई म्हणतात की हा एक प्रकारचा आजा—"

"मुकाम्बेत!" त्याने कप खाली ठेवला. "आजार? मग मी वेशीवर काय उभारतोय? दवाखान्याची पाटी?"

"नाही, पण तिच्या धाकट्या बहिणीला—"

"लेकीची लेक ती! दाणे बापाकडून मुलाकडे येतात. तूच लिहिलंयस. लेक सासरी जाताना काय नेते? रजया, उशा, एक पेटी. नाक नेते का?"

"नाक तर नेतेच," कालिपा सुईत दोरा ओवत म्हणाली.

बाइकेने ते ऐकलं नाही, किंवा ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढ्यात अंगणातून कोणीतरी हाक दिली, घोडी व्यायला झाली होती. तो बूट चढवत उठला आणि दारातून मला म्हणाला, "त्या पत्राला उत्तर द्यायचं नाही. मी कुळाचा मोठा म्हणून सांगतोय."

मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. मीही उठलो.

"गुळगुळ्या, बस खाली," बातमा म्हणाली.

आमच्याकडे सून सासरच्या थोरामोठ्यांची नावं घेत नाही, नवऱ्याचं तर नाहीच. घरात पाऊल टाकल्या दिवसापासून ती सगळ्यांना आपल्या मनाची नावं ठेवते आणि जन्मभर तीच चालवते. बातमा आली तेव्हा मी सतराचा होतो, ओठांवर लव नव्हती. तिने मला गुळगुळ्या म्हटलं. तेव्हा ते कौतुक होतं. तिशीनंतर ते बोचायला लागलं, पण एकदा ठेवलेलं नाव बदलायची पद्धत नाही.

"शिट्टीच्या धाकटीची कंबर दुखतेय," ती म्हणाली. शिट्टी म्हणजे जीपार. लहानपणी मेंढरांमागे दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. "परवा फोनवर सांगत होती. राजमा पेरून दुखतेय म्हणे. आणि तू पत्रावर बसलायस, कोंबडी अंड्यावर बसावी तसा. काय बाहेर पडायची वाट बघतोयस?"

"मी काय लिहू, जेंगे?" वहिनीला जेंगे म्हणतात, माझा आवाज त्या शब्दानंतर नेहमीच बारीक होतो. "माझ्याकडे माणसं मेल्याची सालं आहेत. कशाने मेली, ते कोणी मला सांगितलं नाही."

"तू विचारलंस कोणाला?"

"घरातल्या मोठ्यांना."

"म्हणजे पुरुषांना." ती कालिपाकडे बघून हसली. "माणूस आत मरत असतो तेव्हा तुम्ही बाहेर काठ्यांवर रेलून रडायची तयारी करत असता. शेवटचा घोट कोण पाजतं? पुस्तक आणलंयस?"

पुस्तक माझ्या पिशवीत नेहमी असतं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण असतं.

"घे पेन्सिल. लिही. पांढरा बोकड, छातीने."

"पांढरा बोकड कोण?"

"अरे पांढरा बोकड! दाढीवाला!"

"पुस्तकात बोकड नाही, जेंगे."

"दोन बायकांचा. थोरला मुलगा टपालात होता."

मी पानं उलटली. माझ्याकडे सात पिढ्यांची नावं होती आणि एकाचंही मरण नव्हतं. त्यांच्याकडे सगळी मरणं होती आणि एकाचंही नाव नव्हतं. शेवटी मी नाव वाचायचं आणि दोघींनी नुसती मान हलवायची, असं ठरलं. "जुमादिल?" मी विचारलं. दोघींनी खिडकीकडे बघत मान हलवली.

"कुरणावर बसून बोलत होता," कालिपा म्हणाली. "म्हणाला, छातीत काहीतरी फाटलं. आम्ही म्हटलं, लोणी जास्त खाल्लंस. खाल्लंही होतंच, पण त्याने नाही मेला."

"पुढे. उंबरठा," बातमा म्हणाली. "उंच होता, प्रत्येक दारात डोकं आपटायचा. लघवीतून रक्त. दोन वर्षं लपवलं."

"सातारकुल?"

मान हलली.

"आंबट कुमिस." घोडीच्या आंबवलेल्या दुधावरून ठेवलेलं नाव.

"त्यांना काय झालं होतं?"

"छपरावरून पडला."

"मग हा धरायचा नाही, जेंगे."

"दाणे होते त्याला! मोठे मोठे!"

"दाणे होते, पण छप्परही होतं," कालिपा म्हणाली. मी त्याला खोडलं.

असं तीन तास चाललं. चहा दोनदा बदलला. मध्येच दोघींचं भांडण झालं, कारण एकीचा घोरणारा काका दुसरीच्या हिशोबात वेगळाच माणूस निघाला. मी दोघांचे बाप शोधून भांडण मिटवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पुस्तकाचा कोणालातरी उपयोग होताना पाहिला. छातीने चार गेले होते, मूत्रपिंडाने तीन. मग बातमा म्हणाली, "आता लेकी."

मी पुस्तक चाळलं आणि थांबलो. लेकी नव्हत्या. वंशावळीत लेकी लिहीत नाहीत. मी सोळा वर्षं खपून तीनशे बारा पुरुष गोळा केले होते. त्यांतल्या प्रत्येकाला कोणीतरी बहीण असणार, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"मागे कोरं पान असेल," बातमा म्हणाली. "तिथे लिही. काही बिघडत नाही."

मी ते कोरं पान फाडून काढलं, वर सात पुरुष उतरवले आणि खाली पाच लेकी बसल्या. नारिनला दिलेली, इसिक-कुलला दोघी, एक सोविएत काळात लांब शिकायला गेली ती तिकडेच राहिली, आणि शिट्टी. पाचही जणींच्या नाकावर दाणे. त्यांतल्या दोघींच्या मुलांच्याही. बापाकडून मुलाकडे म्हणे.

"आणि पहिला दाणा पुरुषाचा नव्हताच," कालिपा म्हणाली. "माझ्या सासूने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने. मूळपुरुषाची बायको खिंडीपलीकडून आणलेली. लग्नात तोंडावरची ओढणी वर केली तर नाकभर राळा. नवऱ्याकडचे हादरले. मग कोणीतरी साधू शोधून काढला."

"साधूने फेकला असेलच," बातमा म्हणाली, "पण नेम चुकून बायकोला लागला."

मी पेन्सिल खाली ठेवली. मला हसू आलं आणि ते थांबेना. मग ते हसू राहिलं नाही आणि मी रुमाल शोधू लागलो. बातमाने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या आईला मी एकदा म्हटलं होतं," ती म्हणाली, "की सासूबाई, शिट्टीच्या मधल्या भावालाही दाणे नाहीत, तुमच्या एकटीच्याच लेकराचं नाही हे. त्या म्हणाल्या, त्याच्या आईबद्दल कुजबुजलं का कोणी? तुझ्या आईला सगळं कळत होतं. बोलायला कोणी नव्हतं."

त्याच वेळी दार उघडून बाइके आत आला. कोपरापर्यंत ओला, खुशीत. "शिंगरू झालं! पांढरं—" आणि त्याने माझ्यासमोरचा कागद पाहिला. तो झटकन वाचणारा माणूस नाही. ओठ हलवत एकेक नाव वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"ही जीपार इथे काय करतेय?"

अशा वेळी मी नेहमी पुस्तकाच्या कव्हराकडे बघतो.

"ती थंडीने गेली," बाइके म्हणाला. "तालासला थंडी फार. मी स्वतः पुरून आलोय तिला. थंडीने गेली."

"मूत्रपिंडाने गेली," बातमा म्हणाली. "मी तिच्याजवळ तीन आठवडे होते."

"थंडीने! आणि हा कागद चुलीत जाणार. उद्या पुतळा बघायला लोक येतील आणि म्हणतील, या घरात मुली देऊ नका, यांच्या नाकात मरण आहे. जीपारच्या पोरीला मी आणखी एक मेंढी पाठवतो. दोन पाठवतो!"

त्याने कागद उचलला.

"इमानकुल," बातमा म्हणाली, "बस."

कालिपाच्या हातातली सुई खाली पडली. बाइकेने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, त्याला वाटलं, त्याच्या नावाचा दुसरा कोणीतरी दारात उभा आहे. छप्पन्न वर्षांत त्या तोंडातून ते नाव निघालं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत तो एकटाच इमानकुल आहे, आणि तो बसला, ओल्या बाह्यांसकट, गालिच्याच्या मधोमध, जिथे टाके ताजे होते.

"गुळगुळ्या, लिही," बातमा म्हणाली. "याचंही लिही. चौऱ्याहत्तर साली, उन्हाळी कुरणावर. छाती मिटली, ओठ निळे पडले, घोड्यावर बांधून खाली आणला. गावाला सांगितलं, घोड्याने लाथ मारली. तो घोडा लोकांनी विकून टाकला. गरीब घोडा होता."

बाहेर शिंगरू खिंकाळल्यासारखं काहीतरी करून पाहत होतं.

"घोडा होता तिथे," बाइके शेवटी म्हणाला.

"होता."

"पण लाथ मारली नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता, गालिच्यावरून बोटाने काहीतरी झटकत होता. "तसं लिही. आणि जीपारच्या पुढे... मुकाम्बेत, त्या धाकटीचं वय काय?"

"एकतीस, बाइके."

"जीपारला कळलं तेव्हा पन्नाशी उलटली होती." त्याने हिशोब केला, आणि मग कागद माझ्या मांडीवर ठेवला, उलटा, जणू त्याला तो पुन्हा दिसायला नको होता. "एकतीस म्हणजे लहानच की अजून."

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. पहिला मसुदा सहा पानांचा झाला, त्यातली चार पानं क्षमा मागण्याची होती, ती काढली. उरलेलं असं:

"बुरुलचा, गुलबाराला हे वाचून दाखव. गुलबारा, पुस्तकाचं पान नऊ चुकलं आहे. ते मी लिहिलं, म्हणून मीच सांगतो. तुझ्या नाकावर जे आहे ते तुझ्या आईच्या नाकावर होतं, आणि सोबतच्या कागदावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांच्या. पुरुष आठ, लेकी पाच. प्रत्येकापुढे काय झालं ते लिहिलं आहे. तुझे इमानकुल मामा त्यांतले आठवे आहेत आणि जिवंत आहेत, त्यांच्यापुढचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला. तुझी आई मूत्रपिंडाने गेली. आता तू जाऊन तपासून घे. मला दाणे नाहीत, पण तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात त्याप्रमाणे त्यावरून काहीच ठरत नाही; तेव्हा पुढच्या महिन्यात मीही बिश्केकला जातोय. मला एकट्याने दवाखान्यात जायची भीती वाटते. तू येशील तर बरं होईल."

शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. ते तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

टपाल कचेरीत खिडकीवर कान्येय बसते. तिला मी लहानपणी वाचनालयातून पुस्तकं दिलेली आहेत. तिने पाकीट तोललं, तिकीट लावलं, आणि मी ते माझ्या हाताने पेटीत टाकलं. मग खिडकीशी परत गेलो.

"कान्येय, ते जरा बाहेर काढता येईल का? 'पुढच्या महिन्यात' लिहिलंय, तारीख घालायला हवी होती."

"आजोबा, पेटीत पडलेलं पत्र सरकारचं."

"फक्त तारीख."

"गाडी साडेदहाला येते," ती म्हणाली, आणि मी पेटीपाशी थांबलो. गाडी आली, टपालाच्या माणसाने पेटी उघडली, सगळी पत्रं गोणीत ओतली, गोणीचं तोंड बांधलं, आणि तालासच्या बाजूला निघून गेला.